मासा जे खातो, तेच आपल्या ताटात येतं

ताईंनो, या अंकातला पाठ घरच्या माशाचा आहे.

माळेगाव बुद्रुक, पणदरे, सांगवीपासून खाली इंदापूरपर्यंत आता शेततळी नवी राहिलेली नाहीत. कुणाचं दहा गुंठ्यांचं, कुणाचं वीस गुंठ्यांचं. पाणी उसाला नाहीतर डाळिंबाला, आणि त्याच पाण्यात चार-पाचशे बोटुकली. मासा वाढवायचा कसा हे बऱ्याच गटांना जमलं आहे. बैठकीत हिशोब मांडला जातो तो किती किलो निघाला आणि काय भावाने गेला याचा. हा पाठ त्या हिशोबात न दिसणाऱ्या गोष्टीचा आहे. एक किलोचा रोहू आणि दुसरा एक किलोचा रोहू काट्यावर सारखाच भरतो, पण पोराच्या अंगी लागायला दोन्ही सारखे नसतात. फरक पडतो तो त्यांनी काय खाल्लं यावरून.

माळकरी घरातल्या ताईंनी पाठ सोडून दिला तरी चालेल. फक्त जवसाचा भाग तेवढा वाचा, तो तुमच्याही कामाचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के जणींचं रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 69 टक्क्यांच्या आसपास. गटात दहा जणी बसल्या तर त्यातल्या पाच-सहा जणी थकलेल्या, असा याचा अर्थ. आणि आपल्याच बांधावर तळ्यात मासा आहे. मग तो नुसता विकायचा, की चांगला करून थोडा खायचाही?

माशातून काय मिळतं

आधी एक खरं सांगून टाकते. मासा खाल्ला की रक्त वाढतं असं सरसकट म्हणतात. रोहू-कटल्याच्या तुकडीत लोह फार नसतं. पण माशाचं मांस भाकरी-भाजीबरोबर खाल्लं, तर बाजरीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीर जास्त उचलतं. म्हणून माशाच्या ताटात भाकरी आणि मेथी-चाकवत हवंच, वर लिंबू पिळलं तर अजून बरं. जेवल्याबरोबर चहा घेतला की मिळवलेलं निम्मं घालवल्यासारखं होतं. चहा तासा-दीड तासाने घ्या.

दुसरं म्हणजे प्रथिनं. शंभर ग्रॅम रोहूत साधारण 17 ते 19 ग्रॅम, आणि पचायला हलकी. तिसरं बी-12 जीवनसत्त्व. ते डाळ-भाजीत मिळत नाही. मासा, अंडी, मटण, दूध यांतूनच मिळतं. हातापायाला मुंग्या, सतत थकवा अशी तक्रार असणाऱ्या बायकांत पुष्कळदा याचीच कमतरता निघते.

चौथी गोष्ट माशाची चरबी, आणि आपल्या पाठाचा खरा विषय हाच. माशाच्या चरबीत ओमेगा-3 नावाचे स्निग्ध घटक असतात. त्यातला डीएचए हा पोटातल्या बाळाच्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मेंदूला, डोळ्यांना लागतो. समुद्रातल्या बांगडा-तारलीत तो भरपूर असतो. गोड्या पाण्यातल्या माशात कमी असतो, पण तो किती असावा हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. माशाच्या मांसातलं प्रथिन आपण काहीही खाऊ घातलं तरी फारसं बदलत नाही. चरबी मात्र बदलते. जसं खाद्यातलं तेल, तशी माशाची चरबी.

गाईला नुसती उसाची वाढी घातली तर दुधाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माशाचंही तसंच आहे.

हिरवं पाणी हे पहिलं खाद्य

पाण्यातलं ओमेगा-3 सुरू होतं शेवाळापासून. डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ पाण्यात तरंगतं, त्यावर बारीक जीव जगतात, त्या दोघांना मासा खातो. यालाच प्लवंग म्हणतात. कटला वरच्या थरातले बारीक जीव टिपतो, रोहू मधल्या थरात शेवाळ चरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. हे तीन मासे एकत्र सोडतात ते यासाठीच, एकाचं खाणं दुसरा हिसकावत नाही. प्लवंगावर वाढलेल्या माशाची चरबी नुसत्या पेंडीवर वाढलेल्या माशापेक्षा सरस असते. वर हे खाद्य फुकटचं आहे, शेणखतावर तयार होतं.

पाणी पुरेसं हिरवं आहे का हे पाहायला यंत्र नको. काठावर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवा. कोपर बुडेपर्यंत तळहात दिसेनासा झाला तर पाणी बरोबर आहे. हात मनगटापर्यंत घालताच तळवा दिसेना, तर पाणी जास्त हिरवं झालंय, शेण बंद करा. कोपराच्याही खाली बोटं स्वच्छ दिसत असतील तर पाण्यात खाणंच नाही.

आपल्याकडची अडचण अशी की बहुतेक तळी प्लास्टिक कागदाची. तळाला माती नाही, म्हणजे गाळ नाही, म्हणजे मृगळाचं ताट रिकामं. अशा तळ्यात मृगळ कमी आणि कटला-रोहू जास्त सोडलेले बरे. शेण थेट टाकलं तर कागदावर साचून कुजतं. ते गोणीत भरून, गोणीचं तोंड बांधून पाण्यात एका कोपऱ्याला लोंबकळत ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी बदला. घरच्या मंडळींची तक्रार येणार की हिरव्या पाण्याने ठिबकचा फिल्टर तुंबतो. ती तक्रार खरी आहे. फिल्टर रोज धुवावा लागतो आणि ते काम कोण करणार हे आधी घरात ठरवून घ्या, नाहीतर ते तुमच्याच माथी येईल.

आणि जाता जाता, कागदाच्या तळ्याचा काठ फार निसरडा असतो. खाद्य घालायला एकटीने उतरू नका. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. लहान पोरांसाठी कुंपण हवंच.

जवस

आता खाद्याकडे येऊ. बहुतेक जणी शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मा-निम्मा घालतात. मासा त्यावर चांगला वाढतो. पण शेंगदाणा, मका, सरकी, सोयाबीन यांच्या तेलात ओमेगा-6 जास्त असतं, ओमेगा-3 नगण्य किंवा थोडं. घरात आपण फोडणीला तेच तेल वापरतो, म्हणजे ओमेगा-6 आपल्या पोटात आधीच भरपूर जातं. माशातूनही तेच मिळवायचं, तर मासा खाण्याचा अर्धा फायदा गेला.

आपल्या ओळखीच्या धान्या-गळितात ओमेगा-3 सगळ्यात जास्त असतं ते जवसात. त्यात साधारण चाळीस टक्के तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-3. हे ओमेगा-3 वनस्पतीतल्या रूपात असतं. आपण जवसाची चटणी खाल्ली तर त्यातलं फारच थोडं आपल्या शरीरात डीएचएमध्ये बदलतं. गोड्या पाण्यातला मासा हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतो. म्हणजे जवस माशाला घालायचा, त्याने आपल्या अंगात त्यातून डीएचए तयार करायचं, आणि मग तो मासा आपण खायचा. रोहू काही बांगडा होणार नाही, पण जवस खाल्लेल्या माशात ओमेगा-3 वाढतं, हे वेगवेगळ्या देशांत कार्प आणि चिलापीवर झालेल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

(चटणी सोडू नका बरं का. ओमेगा-3 पूर्ण बदललं नाही तरी ते पोटात गेलेलं चांगलंच. माळकरी घरांत तर रोज चमचाभर हवी.)

दहा किलो खाद्याचं माप असं धरा. शेंगदाणा पेंड साडेचार किलो, गव्हाचा कोंडा अडीच किलो, मक्याचा भरडा एक किलो नऊशे ग्रॅम, जवस एक किलो, आणि माशांसाठी मिळतं ते खनिज मिश्रण शंभर ग्रॅम. यात प्रथिनं 25 टक्क्यांच्या थोडी वर येतात, वाढत्या कार्पला तेवढी पुरतात. शेंगपेंडीऐवजी थोडी सोयाबीन पेंड चालेल. सरकी पेंड जास्त घालू नका, तिच्यातला एक घटक माशाला बाधतो.

जवस कच्चा घालायचा नाही. कच्च्या जवसात काही अपायकारक द्रव्यं असतात, ती शेकण्याने कमी होतात. चटणीला भाजतो तसा तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजा, गार करा, मग दळा. दहात एक किलोच्या वर जाऊ नका. आणि एकदम महिन्याचा दळून ठेवू नका. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं आणि खवट तेल माशालाही वाईट, त्यातलं ओमेगा-3 तर गेलेलंच असतं. आठवड्यापुरता दळा, बंद डब्यात सावलीला ठेवा. वास घेऊन बघा, रंगासारखा उग्र वास आला तर टाकून द्या.

जवस महाग वाटेल. म्हणून तो वर्षभर घालायचाच नाही. माशाच्या अंगात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जी चरबी चढते, तीच ताटात येणाऱ्या माशात जास्त असते. आपल्याकडे बीज सोडतात आषाढ-श्रावणात. थंडीत पाणी गार पडलं की मासा खाणं कमी करतो, तेव्हा घातलेलं वाया जातं. महाशिवरात्रीच्या सुमाराला पाणी तापू लागतं, मासा परत खायला लागतो, आणि चैत्र-वैशाखात तळं उपसायची वेळ येते. तेव्हा महाशिवरात्रीपर्यंत साधं खाद्य आणि तिथून मासे काढेपर्यंत जवसाचं खाद्य, असं ठरवा.

हिशोब करून पाहू. दहा गुंठ्यांच्या तळ्यात 500 बोटुकली सोडली, त्यातली 400 जगली, महाशिवरात्रीला सरासरी 300 ग्रॅमची झाली. एकूण वजन 120 किलो. रोजचं खाद्य वजनाच्या दोन टक्के, म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम. मासा वाढेल तसं हे वाढत जाईल, म्हणून दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून दहा-वीस मासे तोला. अडीच महिन्यांत खाद्य लागेल सव्वादोन ते अडीच क्विंटल, त्यात जवस 22 ते 25 किलो. आजचा बाजारभाव लावून ही रक्कम तुम्हीच काढा. विकायच्या माशावर एवढा खर्च परवडत नसेल तर घरी खायच्या माशांपुरतं एका कोपऱ्याला जाळीचं कप्पं करून तेवढ्यांनाच घाला. तसं केलं तर 5-6 किलो जवसातही भागतं.

खाद्य फेकून घालू नका. युरियाच्या रिकाम्या गोणीत खत शिल्लक राहतं, म्हणून धान्याचीच पिशवी घ्या, तिला तळाशी बोटभर छिद्रं पाडा, खाद्य ओलसर करून भरा आणि बांबूला बांधून पाण्यात सोडा. मासे येऊन छिद्रांना ओढतात. दोन तासांनी पिशवीत किती उरलं ते बघा, उरलं तर उद्या कमी घाला. ढगाळ हवेत, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील त्या दिवशी खाद्य बंद. तेव्हा त्यांना हवा कमी पडत असते.

हिरवा पाला आणि खनिजं

अझोला बऱ्याच गटांनी गाई-शेळ्यांसाठी केला आहे. तो माशालाही चालतो. गवत्या मासा, चिलापी आवडीने खातात. शेवग्याचा पाला वाळवून चुरा केला तर खाद्यात मूठभर घाला. त्याने माशाची तकाकी वाढते, पेंडही थोडी वाचते. त्याने माशात अ जीवनसत्त्व भरभरून येईल असं मात्र समजू नका, त्याचा मार्ग वेगळा आहे, पुढे सांगते.

आपल्या शेजारी माळेगाव खुर्दला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या मत्स्य शास्त्रज्ञांनी पंगस माशाच्या खाद्यात जस्त आणि सेलेनियम अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपात घालून अभ्यास केले आहेत. तापलेलं पाणी आणि दूषित पाणी यांचा ताण मासा कसा सोसतो, हे त्यांनी पाहिलं. आपल्या उन्हाळ्यात हा प्रश्न दारातलाच आहे. पण यावरून कुणी सेलेनियमची पुडी विकायला आलं तर घेऊ नका. सेलेनियम थोडं जास्त झालं तरी विष होतं. आपल्याला बाजारातलं माशांचं खनिज मिश्रण, सांगितलेल्या मापात, पुरे. शंका असेल तर शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, ते अंतर काही फार नाही.

लहान मासा

मोठ्या माशाची तुकडी खाताना आपण डोकं, डोळे, काळीज, काटे टाकून देतो. अ जीवनसत्त्व असतं डोळ्यांत आणि काळजात, कॅल्शियम काट्यांत. म्हणजे अर्धा माल उकिरड्यावर. बोटाएवढा मासा डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. बांगलादेशात मोला नावाच्या लहान माशावर शकुंतला थिलस्टेड यांनी बरीच वर्षं काम केलं. शंभर ग्रॅम मोलात अडीच हजार मायक्रोग्रॅमहून जास्त अ जीवनसत्त्व निघालं, रोहूच्या तुकडीत त्याच्या मानाने जवळपास नाहीच. पूर्वी असल्या माशाला तण समजून बीज सोडण्याआधी मारून टाकत. त्यांनी दाखवलं की रोहू-कटल्याबरोबरच तो वाढतो आणि मोठ्या माशाचं उत्पन्न राखूनही घराला खायला मिळतो. या कामासाठी त्यांना 2021 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ओडिशात महिला बचत गटांनी ग्रामपंचायतीच्या तळ्यांत कार्प आणि मोला एकत्र घेतला आहे. मोठा मासा बाजारात, लहान मासा घरात.

आपल्या ओढ्यात, उजनीच्या पाण्यात बारीक मासळी मिळते. ती तळ्यात आली तर लगेच काढून टाकायची घाई करू नका. आठवड्यातून एकदा बारीक जाळीने थोडी काढा, साफ करताना डोकं ठेवा. लहान मुलासाठी तव्यावर कुरकुरीत करून, कुटून, वरण-भातात मिसळा. काटा लागायची भीती राहत नाही.

हे खाऊ घालायचं नाही

कोंबडीच्या दुकानातली घाण, मेलेल्या कोंबड्या, हॉटेलचं उष्टं. उजनीच्या काठाला इंदापूर-दौंड भागात विदेशी मांगूर याच घाणीवर वाढवल्याचं आपण ऐकलं-पाहिलं आहे. या माशाला देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये तो नष्ट करायला सांगितलं, आणि प्रशासनाने तळी उकरून टाकली. कुणी फुकट बीज देतो म्हणाला तरी नाही म्हणा. घाणीवर वाढलेला मासा जंतू घेऊन येतो आणि तो शेजारच्या तळ्यात, ओढ्यात गेला तर बाकी मासळी खाऊन टाकतो. आपला देशी मागूर निराळा, त्याला बंदी नाही.

बुरशी लागलेली शेंगपेंड स्वस्त मिळते, तीही नको. तिच्यातलं विष माशाच्या काळजाला धरतं. पेंड फोडून आत बघून घ्या. गटाराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी ज्या ओढ्याला मिळतं, तिथलं पाणी तळ्यात घेऊ नका. खाद्य कितीही चांगलं घाला, पाण्यातलं वाईट मासा साठवतोच.

ताटातली वाटणी

एवढं सगळं करून मधली तुकडी बाप्यांच्या ताटात, शेपूट पोरांच्या, आणि आपल्याला रस्सा, असं होणार असेल तर तुमची मेहनत चुकीच्या ताटात गेली. जवसाने वाढलेलं ओमेगा-3 पोटाकडच्या चरबीच्या तुकडीत जास्त असतं. ती गरोदर सुनेला, अंगावर पाजणाऱ्या लेकीला आणि लहान मुलांना आधी वाढा. मुंडकं फेकू नका, कालवणात टाका, डोळे आणि मेंदू मुलांना द्या. रोज कढईभर तेलात तळण्यापेक्षा कालवण किंवा तव्यावरचा मासा बरा. तळताना माशाची चरबी तेलात उतरते आणि फोडणीचं तेल माशात शिरतं.

हे बोलायला अवघड जातं हे कबूल. म्हणून एकटीने घरात सुरू करण्याआधी बैठकीत बोला. सासूबाई पण कुठल्या ना कुठल्या गटात असतातच.

तळं काढायचं असेल त्यांनी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत महिलांना मंजूर खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथे निघेल. तो घरातही निघू द्या.

पुढच्या बैठकीला तळं असलेल्या प्रत्येकीने तीन गोष्टी वहीत लिहून आणा: कोपराच्या चाचणीत पाणी कसं निघालं, सध्या खाद्यात काय काय घालता आणि किती, आणि गेल्या महिन्यात तळ्यातला मासा घरात किती वेळा शिजला व त्यातली तुकडी तुम्ही स्वतः किती वेळा खाल्ली. तिसरं उत्तर शून्य असलं तरी लिहा. जवस एकत्र घ्यायचा असेल तर मागणी माघ संपायच्या आत ग्रामसंघाकडे द्या, म्हणजे पोत्याने घेता येईल.